‘पदच्युत’ : एका क्रियापदाची हेळसांड

मराठींत आज ज्या शब्दांची सर्वांत अधिक हेळसांड चालली आहे, त्यांत माणसाला सत्तेवरून दूर करण्याच्या अर्थाचीं क्रियापदें अग्रभागीं आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. वृत्तपत्र उघडावें, तर एका स्तंभांत मंत्री ‘पायउतार झाले’, दुसऱ्यांत अधिकाऱ्याची ‘उचलबांगडी झाली’, तिसऱ्यांत कोणाची ‘गच्छंती’ झाली आणि चौथ्यांत एखादें सरकार ‘बरखास्त झालें’. इतिहासाचें पुस्तक उघडावें, तर तेथें राजे ‘पदच्युत होतात’ आणि राज्यें ‘खालसा होतात’. जणूं हीं सारीं पिकलेलीं फळें होतीं आणि देठ सुटल्यामुळें आपोआप खालीं पडलीं! देठ कोणीं कापला, कोणत्या विळ्यानें कापला आणि कापण्याचा त्यास अधिकार होता कीं नव्हता, याची वास्तपुस्त करण्याचें कारण लेखकाला वाटत नाहीं, आणि त्याच्या वाक्यांत कर्ताच नसल्यामुळें वाचकालाहि वाटत नाहीं. हा केवळ व्याकरणाचा दोष असता, तर त्यासाठीं आम्हीं मासिकाचीं पानें अडविलीं नसतीं. परंतु सत्ता कोणाच्या हातून गेली एवढेंच सांगून ती कोणीं काढून घेतली हें न सांगणारी भाषा अखेर बळकावणाऱ्याची चाकरी करते, असें आमचें म्हणणें आहे, आणि तें आम्ही येथें सिद्ध करूं इच्छितों.

प्रथम शब्दाची घडण पाहूं. ‘च्यु’ हा धातु ढळणें, पडणें या अर्थाचा आणि अकर्मक आहे. त्यापासून झालेल्या ‘च्युत’ या रूपाचा अर्थ ‘जो ढळला तो’ असा होतो. ‘ज्याला ढकललें तो’ असा होत नाहीं. विष्णूचें ‘अच्युत’ हें नांव याच धातूचें. जो आपल्या स्वरूपापासून ढळत नाहीं तो अच्युत. म्हणजे ‘पदच्युत’ या समासांत स्वभावतःच पाडणाऱ्याला जागा नाहीं. पडणारा तेवढा आहे. मराठीनें त्याला ‘करणें’ हें क्रियापद जोडलें आणि पाडणाऱ्यासाठीं वाक्यांत एक आसन मांडून ठेवलें. ‘अमक्यानें तमक्यास पदच्युत केलें’ ही म्हणूनच या शब्दाची मराठींतील पुरी आणि प्रामाणिक वाक्यरचना होय. ‘करणें’च्या जागीं ‘होणें’ घातलें कीं तें आसन काढून घेतलें जातें, आणि शब्द पुन्हां आपल्या मूळच्या, कर्त्यावांचूनच्या अवस्थेला जातो. ‘भ्रष्ट’ या त्याच्या भावंडाची गोष्ट तर याहून वाईट. ‘भ्रंश्’ म्हणजेहि पडणेंच. पण मराठींत ‘भ्रष्ट’ म्हटलें कीं आचरणाचा डाग आलाच. ‘राज्यभ्रष्ट’ म्हणतांच गेलेल्या राजाचाच कांहीं अपराध असला पाहिजे, असें ऐकणाऱ्याला वाटूं लागतें. एका विशेषणानें आरोप, पुरावा आणि निकाल तिन्हीं उरकले!

आमच्या पुराणकारांना या बाबतींत आजच्या लेखकांपेक्षां अधिक विवेक होता. नहुष इंद्रपदावर चढला, ऋषींच्या खांद्यावर त्यानें आपली पालखी दिली, अगस्त्याला लाथ मारली आणि सर्प होऊन तो खालीं आला. या कथेंत पडणें आहेच. पण ज्याच्या शापानें तो पडला त्या अगस्त्याचें नांव कोणीं झांकून ठेवलेलें नाहीं, आणि शापाचें कारणहि सांगितलें आहे. वेन राजा उन्मत्त झाला, तेव्हां ऋषींनीं त्याचा वध केला. ती कथाहि ऋषींचें कृत्य ऋषींच्या माथीं ठेवते. वेन ‘दिवंगत झाला’ असें म्हणून मोकळी होत नाहीं. आमच्या बखरकारांविषयीं पाहिजे तें म्हणावें. त्यांच्या तिथि चुकतात, आंकडे फुगतात, चमत्कार तर पदोपदीं घडतात. पण कोणीं कोणास कैद केलें आणि कोणीं कोणास गादीवर बसविलें, हें सांगतांना त्यांची लेखणी अडखळत नाहीं. कर्ता गाळण्याची विद्या आम्हीं नंतर, कचेऱ्यांतून शिकलों. ‘हुकूम देण्यांत आला’, ‘गांव जप्त करण्यांत आला’, ‘राजास पदच्युत करण्यांत आलें’, ही ‘करण्यांत आलें’ची रचना इंग्रजी दप्तराच्या भाषांतरांतून बळावली. हुकूम देणारा साहेब बदलत असे आणि हुकूम मात्र सरकारचा असे. त्या दप्तराला ती सोयीची होती. ती इतिहासकारालाहि सोयीची कां वाटावी, हें मात्र आम्हांस कळत नाहीं.

आतां साताऱ्याचें उदाहरण घेऊं. छत्रपति प्रतापसिंह महाराज १८३९ सालीं ‘पदच्युत झाले’, असें वाक्य शाळेंतील मुलें पाठ करतात. या शब्दांत काय काय गेलें तें पाहावें. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारनें प्रतापसिंहांस साताऱ्याच्या गादीवर बसविलें आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजीं त्यांच्याशीं तह केला. राजांनीं रेसिडेंटाच्या वाटेशिवाय परक्या दरबाराशीं पत्रव्यवहार करूं नये, हें त्या तहांतील मुख्य बंधन होतें. पुढें त्यांच्यावर आरोप आले, ते कंपनीच्या पलटणींतील शिपायांस फितविण्याचे, गोव्याच्या पोर्तुगीज सरकाराशीं आणि नागपूरच्या गादीवरून गेलेल्या आप्पासाहेब भोसल्यांशीं संधान बांधल्याचे. उघड न्यायासनापुढें आपली बाजू मांडण्याची संधि राजांना मिळाली नाहीं. १८३९ त मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आले. अपराध मान्य असल्याच्या लेखावर सही करावी, म्हणजे गादी राहील, असें त्यांचें म्हणणें होतें. प्रतापसिंहांनीं सही केली नाहीं. मग सप्टेंबर महिन्यांत त्यांना राजवाड्यांतून काढून नेलें, त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसविलें, आणि प्रतापसिंहांची रवानगी काशीस झाली. तेथेंच १८४७ त त्यांचा अंत झाला.

या सगळ्या हकिकतीचा कणा एका नकारांत आहे. सहीचा कागद पुढें होता, गादी वांचत होती, आणि तरी त्यांनीं सही केली नाहीं. ‘पदच्युत झाले’ या शब्दांत तो नकार कोठें आहे? कंपनीनें पदच्युत केलें, राजे झाले नाहींत. त्यांनीं आपल्या हातानें कांहीं सोडलें नाहीं, हाच तर त्यांचा पक्ष होता आणि तोच घेऊन रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले. तेरा-चौदा वर्षें लंडनमध्यें राहून त्यांनीं कंपनीच्या दाराशीं आणि पार्लमेंटच्या सभासदांपाशीं जें भांडण मांडलें, तें ‘झाले’ आणि ‘केले’ यांच्यामधल्या अंतराचेंच भांडण होतें. स्वामीच्या मृत्यूनंतरहि ज्या सेवकानें तें सोडलें नाहीं, त्याच्या श्रमांवर आमचा पाठ्यपुस्तककार एका क्रियापदानें पाणी सोडतो.

याच साताऱ्याच्या इतिहासांत दुसरा घोंटाळा होतो, तो ‘पदच्युत’ आणि ‘खालसा’ यांचा. १८३९ त कंपनीनें माणूस बदलला, गादी ठेविली. ५ एप्रिल १८४८ रोजीं आप्पासाहेब वारले, आणि त्यांचें दत्तविधान राज्याच्या वारशापुरतें अमान्य करून लॉर्ड डलहौसीच्या सरकारनें गादीच नाहींशी केली. पहिल्या प्रसंगीं क्रिया माणसावर आहे, दुसऱ्या प्रसंगीं पदावर आहे. पहिल्याला ‘पदच्युत करणें’ म्हणावें, दुसऱ्याला ‘खालसा करणें’. मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं सातारा खालसा करण्यास विरोध केला होता. म्हणजे खुद्द कंपनीच्या घरांतहि त्याविषयीं एकमत नव्हतें. ‘राज्य खालसा झालें’ असें लिहिणारा लेखक त्या मतभेदावर पांघरूण घालतो आणि एका गव्हर्नर जनरलच्या निर्णयाला ऋतु बदलल्याचें रूप देतो. पावसाळा संपला, हिंवाळा आला, सातारा खालसा झाला!

बडोद्याचें प्रकरण याहून बोधप्रद आहे. १८७४ च्या नोव्हेंबरांत बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष देण्याचा प्रयत्न झाल्याचा बोभाटा झाला आणि मल्हारराव गायकवाड यांच्यावर संशय आला. चौकशीसाठीं सहा जणांचें मंडळ नेमलें. तिघे युरोपीय आणि तिघे एतद्देशीय : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. मल्हाररावांच्या वतीनें सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील विलायतेहून आले. निकालाच्या वेळीं मंडळ दुभंगलें. युरोपीय सभासदांना गुन्हा शाबीत वाटला. एतद्देशीय सभासदांना वाटला नाहीं. आतां सरकारनें काय केलें? १८७५ च्या एप्रिलांत मल्हाररावांना गादीवरून काढलें खरें. पण विषप्रयोगाच्या निकालावर तें काढणें आधारलेलें नाहीं, त्यांच्या कुप्रसिद्ध वर्तनावर आणि राज्याच्या गैरकारभारावर आधारलें आहे, असें जाहीर केलें. ज्या आरोपाची चौकशी झाली त्यावर शिक्षा नाहीं, आणि ज्यावर शिक्षा झाली त्याची त्या मंडळापुढें चौकशी नाहीं! मल्हारराव चांगले राज्यकर्ते होते, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. त्यांच्या कारभाराचे वाभाडे त्यांच्या प्रजेनेंहि काढले आहेत. त्यांच्या मागून कवळाण्याचा एक मुलगा गादीवर आला आणि सयाजीराव महाराज म्हणून कीर्तीस चढला, हेंहि बडोद्याचें भाग्यच. परंतु फळ गोड निघालें म्हणून झाड कोणीं व कसें लावलें हा प्रश्न मिटत नाहीं. ‘विषप्रयोगाच्या प्रकरणांत मल्हारराव पदच्युत झाले’ हें जें वाक्य सर्रास लिहिलें जातें, त्यांत कर्ता तर नाहींच. पण कारणहि खोटें आहे. ज्या कारणाचा आधार खुद्द सरकारनें घेण्याचें टाळलें, तें आमच्या लेखकांनीं त्याला विनामूल्य देऊं केलें आहे.

आतां तिसरा प्रकार. १९२५ च्या जानेवारींत मुंबईच्या मलबार हिलवर झालेल्या खुनाचे धागे इंदूरपर्यंत पोंचले, तेव्हां हिंदुस्थान सरकारनें तुकोजीराव होळकर यांच्यापुढें दोन वाटा ठेविल्या : चौकशीच्या मंडळाला तोंड द्यावें, किंवा गादी सोडावी. १९२६ त त्यांनीं गादी सोडली आणि यशवंतराव गादीवर आले. यास ‘पदच्युत केलें’ म्हणावयाचें कीं ‘राज्यत्याग केला’ म्हणावयाचें? आमचें उत्तर असें कीं कागद पाहावा आणि कागदामागचा हातहि पाहावा. सही तुकोजीरावांची आहे, म्हणून ‘पदच्युत केलें’ हें अक्षरशः खरें नव्हे. सही करावयास लावणारी निवड दुसऱ्यानें मांडली, म्हणून नुसतें ‘राज्यत्याग केला’ हेंहि पुरतें खरें नव्हे. ‘सरकारनें चौकशीचा पर्याय पुढें केल्यावर त्यांनीं राज्यत्याग केला’ एवढें वाक्य लिहावयास दोन ओळी लागत नाहींत. आणि एवढें लिहिलें कीं प्रतापसिंह व तुकोजीराव यांच्यामधला फरक लहान मुलालाहि दिसतो. एकापुढें कागद ठेविला आणि त्यानें सही केली नाहीं. दुसऱ्यापुढें ठेविला आणि त्यानें केली. दोघांनाहि ‘पदच्युत झाले’ या एकाच खुंटीला टांगणें हा दोघांवरहि अन्याय आहे.

येथें ‘राजीनामा’ या शब्दाचा विचार ओघानें येतो. ‘राजी’ म्हणजे खुषी आणि ‘नामा’ म्हणजे लेख. खुषीचा लेख तो राजीनामा. मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलांत राजीनामा आणि कबुलायत अशी कागदांची जोडी असे. एकानें खुषीनें जमीन सोडल्याचा कागद द्यावा, दुसऱ्यानें ती पत्करल्याचा द्यावा. आणि आज आमचीं वृत्तपत्रें काय लिहितात? ‘मंत्र्याचा राजीनामा घेतला’! खुषी घेतली म्हणजे काय केलें? घेतलेली खुषी ही खुषी उरते काय? भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते यावर ‘त्यागपत्र’ हा शब्द सुचवितात. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु या ठिकाणीं औषध रोगाहून जालीम आहे. राजीनाम्यांत निदान संमतीचा तरी भाव आहे, आणि संमति खरी कीं खोटी असा प्रश्न विचारतां येतो. त्याग म्हटलें कीं प्रश्नच खुंटला. पक्षश्रेष्ठींनीं रात्रीं बोलावून घेऊन ज्याच्याकडून कागद लिहून घेतला, तो सकाळीं दधीचीच्या पंक्तीस जाऊन बसतो! शब्द संस्कृत असला म्हणजे खरा असतो, असें नाहीं. आणि फारसी असला म्हणजे खोटा असतो, असेंहि नाहीं. जो शब्द झालेली गोष्ट नीट दाखवितो तो आमचा. मग त्याचें कुळ कोणतेंहि असो.

कोणी म्हणेल कीं हें शब्दांचें पांडित्य झालें. राजा गेला तो गेला, त्याला काय म्हणावें यावर राज्यें अडत नाहींत. ज्यांना असें वाटतें त्यांनीं इंग्लंडचा इतिहास पाहावा. १६८८ च्या डिसेंबरांत दुसरा जेम्स राज्य सोडून फ्रान्सला पळून गेला. पुढें काय करावयाचें या विचारासाठीं भरलेल्या सभेंत २८ जानेवारी १६८९ रोजीं कॉमन्सनें ठराव केला कीं राजानें मूळ करार मोडला, तो देश सोडून गेला, आणि त्यानें ‘राज्यत्याग’ केला असून सिंहासन रिकामें आहे. लॉर्ड्सना ‘राज्यत्याग’ हा शब्द मान्य नव्हता. त्यांचें म्हणणें कीं ‘राज्य सोडून गेला’ एवढेंच म्हणावें. या एका क्रियापदावर दोन्ही सभागृहांचा खल चालला, आणि अखेर फेब्रुवारींत लॉर्ड्सनीं माघार घेतली. हा वेळ त्यांनीं वायां घालविला काय? मुळींच नाहीं. ‘आम्हीं राजाला काढलें’ असें म्हणावें, तर राजाला काढण्याचा अधिकार पार्लमेंटला कोठून आला, हा प्रश्न येत होता. ‘सोडून गेला’ म्हणावें, तर तो परत आला म्हणजे काय, हा प्रश्न येत होता. ‘राज्यत्याग’ म्हटल्यानें दोन्ही प्रश्न चुकले. त्याच वर्षीं एप्रिलांत स्कॉटलंडच्या सभेनें मात्र आडपडदा ठेवला नाहीं. राजानें आपल्या कृत्यांनीं मुकुटावरचा हक्क गमावला आहे, असा तिनें निर्णय दिला. माणूस तोच, पलायनहि तेंच. पण दोन सभांनीं दोन क्रियापदें निवडलीं, आणि त्या निवडींतून राजा व प्रजा यांच्या संबंधाच्या दोन निरनिराळ्या कल्पना उभ्या राहिल्या. ज्या लोकांचें पार्लमेंटरी शासन आम्हीं पत्करलें, त्यांनीं क्रियापदाची एवढी चिकित्सा करावी, आणि आम्हीं मात्र ‘अर्थ कळला कीं झालें’ म्हणावें, हें आम्हांस शोभत नाहीं.

आमच्या घरचें उदाहरणहि आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रघुनाथरावांनीं पेशवाई घेतली. १७७४ त बारभाईंनीं त्यांना दूर सारून नारायणरावांच्या अर्भक पुत्राला पुढें केलें. बारभाई हे पेशव्यांचे कारभारी, म्हणजे नोकर. नोकर धन्याला बडतर्फ करूं शकत नाहीं, हें ते पक्कें जाणून होते. म्हणून सवाई माधवरावांसाठीं पेशवाईचीं वस्त्रें त्यांनीं साताऱ्याच्या छत्रपतींकडून आणविलीं. छत्रपतींची सत्ता तेव्हां नांवाची होती हें खरें. पण ‘काढण्याचा अधिकार कोणाचा’ या प्रश्नाला उत्तर दिल्यावांचून काढतां येत नाहीं, ही जाणीव नांवाची नव्हती. आजच्या मराठी बातमीदाराला नाना फडणविसांइतकी व्याकरणाची चाड असती, तर हा लेख लिहावा लागला नसता.

पदच्युत करणें आणि बडतर्फ करणें यांतील भेद येथेंच आहे. बडतर्फ म्हणजे बाजूस सारलेला, आणि सारणारा नेहमीं धनी असतो. जो नेमतो तोच बडतर्फ करतो. म्हणून ‘कंपनीनें साताऱ्याच्या राजास बडतर्फ केलें’ असें लिहिणारा नकळत छत्रपतींना कंपनीचे नोकर ठरवितो. प्रतापसिंहांचा सगळा तंटा, आपण तहानें बांधलेले राजे आहों, कंपनीचे चाकर नव्हों, असा होता. एका शब्दांत हा तंटा हरतां येतो. आजच्या कायद्यानेंहि हे भेद जपले आहेत. आमच्या राज्यघटनेच्या ३११ व्या कलमांत सरकारी नोकरासंबंधीं बडतर्फ करणें, पदावरून दूर करणें आणि पदावनत करणें या तीन गोष्टी वेगळ्या मोजल्या आहेत. बडतर्फ झालेल्याला सामान्यतः पुन्हां सरकारी नोकरी मिळत नाहीं. नुसत्या दूर केलेल्याला तशी आडकाठी नसते. निलंबन तर शिक्षाहि नव्हे, चौकशी होईपर्यंतची अडवणूक आहे. ज्या भेदावर एका कुटुंबाची भाकर अवलंबून आहे तो ‘उचलबांगडी’ या एका गमतीच्या शब्दांत बुडवून वृत्तपत्रें मोकळीं होतात. चार जणांनीं हातपाय धरून एखाद्याला उचलून नेणें, ही त्या शब्दांतली चित्रकल्पना. साधी बदली झाली तरी उचलबांगडी, आणि नोकरी गेली तरी उचलबांगडी! वाचक हंसतो आणि पान उलटतो. पण काय झालें हें त्याला कळलेलें नसतें.

बडोद्याच्याच गादीनें स्वातंत्र्यानंतर पुन्हां एक धडा दिला. १ मे १९४९ रोजीं बडोदें मुंबई राज्यांत विलीन झालें. १९५१ त भारत सरकारनें प्रतापसिंहराव गायकवाड यांची राजे म्हणून असलेली मान्यता काढून घेतली आणि फत्तेसिंहरावांना ती दिली. यालाहि ‘पदच्युत केलें’ म्हणण्याची रूढि आहे. पण दोन वर्षांपूर्वींच राज्य गेलें होतें. उरली होती ती पदवी आणि तनखा. पदच मूळ अर्थानें शिल्लक नव्हतें, मग त्यावरून च्यवन कसलें? ‘मान्यता काढून घेतली’ हेंच येथें अचूक क्रियापद. ही मान्यता व हे तनखे पुढें १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनें सर्वांचेच संपले. १८७५ त सार्वभौम सत्तेनें राजा काढला, १९५१ त प्रजासत्ताकानें मान्यता काढली. दोन्हींसाठीं एकच शब्द वापरणाऱ्याला या पाऊणशे वर्षांत काय बदललें तें सांगतां येणार नाहीं.

‘बरखास्त’ या शब्दाचीहि तीच गत. त्याचा मूळ अर्थ उठणें. दरबार बरखास्त झाला, सभा बरखास्त झाली, म्हणजे काम आटोपून मंडळी उठली. ३१ जुलै १९५९ रोजीं केरळांतील नंबुद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळाला विधानसभेंत बहुमत असतां केंद्र सरकारच्या सल्ल्यानें राष्ट्रपतींनीं ३५६ व्या कलमान्वयें दूर केलें. मंडळी उठली नव्हती. तिला उठविलें होतें. पुढें महाराष्ट्राचीहि पाळी आली. १७ फेब्रुवारी १९८० रोजीं येथील पुरोगामी लोकशाही दलाचें सरकार त्याच कलमानें गेलें. या अधिकाराला न्यायालयीन चौकशीचें आणि सभागृहांत बहुमत अजमावण्याचें बंधन सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालच्या बोम्मई खटल्यांत घातलें. इतकीं वर्षें कां लागलीं, याचीं अनेक कारणें आहेत. पण ‘सरकार बरखास्त झालें’ हें वाक्य ऐकून कोणाच्या मनांत ‘कोणीं केलें?’ हा प्रश्न उठत नव्हता, हें त्यांतलें एक होय, असें आम्हांस वाटतें.

आणि ज्यांना अजूनहि हा शब्दच्छल वाटत असेल, त्यांनीं ११ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय वाचावा. महाराष्ट्रांतील सत्तांतराच्या त्या खटल्यांत, राज्यपालांनीं मुख्यमंत्र्यांस बहुमत सिद्ध करण्यास सांगणें त्यांच्यापुढें असलेल्या सामग्रीवरून समर्थनीय नव्हतें, असें न्यायालयानें म्हटलें. तरीहि उद्धव ठाकरे यांचें मंत्रिमंडळ पुन्हां अधिष्ठित करण्याची आज्ञा न्यायालयानें दिली नाहीं. कारण काय? त्यांनीं २९ जून २०२२ रोजीं सभागृहाच्या कसोटीला सामोरें न जातां राजीनामा दिला होता. आम्ही कोणत्याहि पक्षाचे वकील नाहीं, आणि कोणाचें राजकारण बरोबर होतें याची चर्चा हें आमचें कामहि नव्हे. आम्ही एवढेंच दाखवितों कीं सभागृहानें दूर करणें आणि आपण होऊन राजीनामा देणें यांतलें अंतर एका राज्याच्या सरकाराएवढें मोठें ठरलें. जी गोष्ट न्यायासनाला निर्णायक वाटली ती ‘सरकार पडलें’, ‘मुख्यमंत्री पायउतार झाले’ या मथळ्यांत कोठें शोधावयाची?

एक आक्षेप उरतो, आणि तो आमच्या सोबत्यांकडूनच येतो. ते म्हणतात, इतिहासकारानें निःपक्षपाती असावें. ‘अमक्यानें काढलें’ म्हटलें कीं दोषारोप होतो, ‘पदच्युत झाले’ म्हटलें कीं समतोल राहतो. हा निःपक्षपाताचा विपर्यास आहे. न्यायाधीश निःपक्षपाती असतो म्हणजे तो आरोपीचें नांव गाळून निकाल लिहीत नाहीं. कर्ता सांगणें म्हणजे त्याला दोषी ठरविणें नव्हे. उलट, ज्यानें न्यायानें काढलें असेल त्यालाहि कर्ता सांगितल्यावांचून श्रेय मिळत नाहीं. जुलमी सत्ताधाऱ्याला लोकांनीं मतपेटीच्या मार्गानें घालविलें, तर तेंहि ‘पराभूत झाले’ म्हणून लिहावयाचें काय? लोकांनीं घालविलें, असें लिहावें. कर्ता गाळणारें वाक्य अन्याय करणाऱ्याला लपवितें, तसेंच न्याय करणाऱ्यालाहि पुसून टाकतें. त्याला समतोल म्हणण्यापेक्षां मुकें म्हणणें बरें.

आमची मागणी थोडी आहे. कोणाच्या हातून सत्ता गेली हें लिहितांना लेखकानें स्वतःला चार प्रश्न विचारावेत. कोणीं काढलें? कोणत्या अधिकारानें काढलें? कोणतें कारण जाहीर केलें? आणि पद राहिलें कीं पदहि गेलें? पद राहून माणूस वरच्या किंवा बळजोर सत्तेनें काढला असेल, तर ‘पदच्युत केलें’. पदच मोडलें असेल, तर ‘खालसा केलें’ किंवा ‘नष्ट केलें’. धन्यानें नोकर काढला असेल, तर ‘बडतर्फ केलें’. आपण होऊन गेला असेल, तर ‘राजीनामा दिला’. कोणी द्यावयास लावला असेल, तर लावणाऱ्याचें नांव. नांव कळत नसेल, तर तें कळत नाहीं असें लिहावें. तेंहि ‘झाले’पेक्षां खरें.

हे चार प्रश्न नवे नाहींत. रंगो बापूजी तेच विचारीत लंडनच्या रस्त्यांतून हिंडले, आणि त्यांना उत्तर मिळालें नाहीं. कारण उत्तर देणें ज्यांच्या हातीं होतें त्यांची सत्ता प्रश्न विचारणाऱ्याच्या मतावर अवलंबून नव्हती. २६ जानेवारी १९५० पासून ती स्थिति पालटली आहे. आतां नेमणारे आम्ही आणि घालविणारेहि आम्ही. ज्या देशांत नागरिक हाच अखेरचा कर्ता आहे, त्या देशाच्या भाषेंत कर्त्यावांचून वाक्य लिहिण्याची खोड राहणें हें केवळ लेखनाचें वैगुण्य नव्हे. आपण नेमलेल्याला दुसऱ्या कोणीं तरी काढलें, आणि आपल्याला फक्त ‘तो गेला’ एवढेंच कळलें, अशी पाळी नागरिकावर येऊं नये, एवढ्यासाठीं तरी मराठी लेखकानें ‘झाले’ लिहिण्यापूर्वीं ‘कोणीं केलें’ हें विचारण्याची संवय स्वतःला लावावी.